वाचकांचे प्रश्न : कोणता खेळ कोणत्या देशात का रुजतो?

खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या वेळी एकाच मुद्द्याभोवती फिरणारी आहेत. एका देशात ज्या खेळासाठी लोक रात्र रात्र जागतात, त्याचे नियमसुद्धा शेजारच्या देशात कोणाला ठाऊक नसतात; असे का होते, हा तो मुद्दा. म्हणून हे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रांतील प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरे मात्र जिथे सांगण्यासारखे अधिक आहे तिथे लांबली आहेत.

प्रश्न : फुटबॉल आणि क्रिकेट हे दोन्ही खेळ इंग्लंडमधूनच जगभर गेले. मग अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये फुटबॉल, तर भारत, पाकिस्तान आणि वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेट, अशी वाटणी कशी झाली? त्या त्या लोकांच्या स्वभावाशी याचा काही संबंध आहे का?

उत्तर : स्वभावाचे कारण मला पटत नाही, हे आधीच सांगतो. क्रिकेट सावकाश चालणारे म्हणून ते पूर्वेकडच्या लोकांना मानवले, फुटबॉलमध्ये नृत्याची लय आहे म्हणून तो ब्राझीलला भावला, अशी विधाने वाचायला बरी वाटतात. पण ती खेळ रुजून गेल्यावर मागाहून चिकटवलेली कारणे आहेत. याच अर्जेंटिनाचे उदाहरण घ्या. तिथला पहिला नोंदलेला फुटबॉल सामना २० जून १८६७ रोजी ब्यूनस आयर्समध्ये झाला, आणि तो झाला तिथल्या इंग्रजांच्या क्रिकेट क्लबच्या मैदानावर. म्हणजे क्रिकेट आधी पोचले होते, त्याला स्वतःचे मैदान होते, क्लब होता, पैसेवाले सभासद होते. एवढी आघाडी असूनही ते मागे का पडले, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

अर्जेंटिना ही इंग्रजांची वसाहत कधीच नव्हती. तिथे इंग्रज आले ते रेल्वे, बँका आणि व्यापाराच्या निमित्ताने, आणि क्रिकेट हा त्यांनी आपल्या क्लबच्या कुंपणाआड जपलेला विरंगुळा राहिला. स्थानिक मुलांना त्यात बोलावण्याची त्यांना गरज वाटली नाही आणि त्या मुलांनाही कुंपण ओलांडण्याचे कारण नव्हते. फुटबॉल मात्र शाळेत शिरला. अलेक्झांडर वॉटसन हटन या स्कॉटिश शिक्षकाने १८८४ मध्ये ब्यूनस आयर्समध्ये स्वतःची शाळा काढली, तिथे फुटबॉल शिकवला आणि १८९३ मध्ये लीग उभी केली. त्याच्या माजी विद्यार्थ्यांचा ‘अलुम्नी’ हा संघ पुढची कित्येक वर्षे विजेतेपद मिळवत राहिला. हा पहिला टप्पा झाला. त्यात खेळ अजूनही बहुतांशी इंग्रजी आडनावांचाच होता. दुसरा टप्पा १९१३ चा. त्या वर्षी ‘रेसिंग क्लब’ विजेता ठरला आणि त्या संघात प्रामुख्याने इटलीहून आणि स्पेनहून आलेल्या स्थलांतरितांची मुले होती. तिथून पुढे फुटबॉल हा इंग्रजांकडून शिकलेला खेळ राहिला नाही, तो त्या शहराचा खेळ झाला.

भारतात परिस्थिती उलट होती. इथे इंग्रज राज्यकर्ते होते आणि क्रिकेट हा राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेचा खेळ होता. पारशी समाजाने १८४८ मध्ये मुंबईत ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ स्थापन केला, १८८६ मध्ये पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आला, आणि १८९२ पासून मुंबई इलाख्यात पारशी विरुद्ध युरोपीय असा सामना दरवर्षी होऊ लागला. १९०७ मध्ये त्यात हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम संघ, १९३७ मध्ये इतरांचा पाचवा संघ, आणि ही स्पर्धा १९४६ पर्यंत चालली. धर्मावर आधारलेल्या संघांची ही पद्धत अनेकांना खटकत होती. गांधीजींनी १९४० मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट मत दिले. ते योग्यच होते असे मला वाटते. पण क्रिकेटला गर्दीची सवय लावली ती याच वार्षिक स्पर्धेने, हेही नाकारता येत नाही. खेळातले कौशल्य ज्यांना कळत नव्हते, त्यांनाही कोण हरले आणि कोण जिंकले हे कळत होते, आणि एरवी वर्षभर हुकूम देणाऱ्यांना त्या दिवशी मैदानावर हरवता येते हेही दिसत होते. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, तरी अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. त्या काळात मैदानावर काय काय पणाला लागलेले असे, ते यावरून लक्षात यावे.

वेस्ट इंडीजमध्येही खेळ फुलला तो इंग्रज राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवण्याच्या ओढीने. १९५० मध्ये लॉर्ड्सवर मिळालेला विजय तिथे खेळापुरता राहिला नाही, आणि कृष्णवर्णीय खेळाडूला संपूर्ण मालिकेसाठी कर्णधार नेमायला तर १९६० साल उजाडले. तो मान फ्रँक वॉरेल यांना मिळाला.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे की खेळाचे भवितव्य तो कोणी आणला यावर जेवढे ठरते, त्याहून अधिक तो दुसऱ्या कोणाच्या हाती गेला यावर ठरते. आणणाऱ्याने तो स्वतःपाशीच ठेवला तर तो त्याच्याबरोबर परत जातो. शाळा, गिरणी, बंदर, वस्ती अशा ठिकाणी तो दुसऱ्याच्या हाती पडला, आणि त्या दुसऱ्याला तो जिंकण्याचे स्वतःचे असे काही कारण मिळाले, की मग तो तिथून हलत नाही.

प्रश्न : हवामान आणि भूगोल हीच मुख्य कारणे नाहीत का? बर्फाळ देशांत बर्फावरचे खेळ आणि उष्ण देशांत मैदानी खेळ, इतके हे सोपे नाही का?

उत्तर : काही ठिकाणी नक्कीच सोपे आहे. मंगोलियातील नादाम उत्सवात कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी हे तीन खेळ असतात आणि तिन्ही गवताळ पठारावरच्या जगण्यातून थेट आलेले आहेत. नॉर्वेमध्ये स्की हे आधी हिवाळ्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे साधन होते, शर्यतीचे साधन नंतर झाले. पण हिमालयातही बर्फ आहे आणि तिथे स्कीइंग लोकांचा खेळ झालेला नाही. भूगोल काय अशक्य आहे ते सांगतो. जे शक्य आहे त्यातले काय घडेल, ते त्याला ठरवता येत नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिथल्या फ्रीसलँड प्रांतात अकरा शहरांना जोडणारी, सुमारे २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत आहे. कालवे गोठले तरच ती होते, आणि गोठले म्हणजे नुसती साय धरून चालत नाही. संपूर्ण मार्गावर बर्फ किमान १५ सेंटीमीटर जाड लागतो. पुलांखाली बर्फ पातळ राहतो, म्हणून तिथे काठावर गालिचे अंथरलेले असतात आणि हजारो स्पर्धक पायांतली पाती न काढता त्यावरून चालत जाऊन पुन्हा बर्फावर उतरतात. १९०९ पासून ही शर्यत अवघी १५ वेळा झाली आणि शेवटची झाली ती १९९७ मध्ये. हवामानच खेळ ठरवत असते, तर त्यानंतर डच स्केटिंगला ओहोटी लागायला हवी होती. घडले ते उलटेच : २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये वेगवान स्केटिंगच्या ३६ पदकांपैकी २३ पदके नेदरलँड्सने मिळवली. कारण तोपर्यंत खेळ कालव्यांवरून हेरेनवेनसारख्या ठिकाणच्या बंदिस्त, कृत्रिम बर्फाच्या धावपट्ट्यांवर आलेला होता, आणि तो सांभाळणारे क्लब पिढ्यान्‌पिढ्या टिकून होते. थंडीने सवय लावली हे खरे, पण थंडी गेल्यावर ती सवय माणसांनी खर्च करून आणि कष्ट घेऊन टिकवली.

प्रश्न : अमेरिकेत क्रिकेट का चालले नाही? आणि अमेरिकेपासून इतक्या दूर असलेल्या जपानने बेसबॉल कसा काय आपलासा केला?

उत्तर : अमेरिकेत क्रिकेट चालत होते, चांगले चालत होते. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला, आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया यांच्यातल्या पहिल्या कसोटीच्या तो ३३ वर्षे आधीचा आहे. पुढे १८६१ ते १८६५ असे यादवी युद्ध झाले. छावण्यांमधून फिरणाऱ्या सैनिकांना क्रिकेटची काळजीपूर्वक तयार केलेली खेळपट्टी कुठून मिळणार? बेसबॉल कोणत्याही कुरणात मांडता येत होता आणि दोन-तीन तासांत संपत होता. युद्धानंतर हे सैनिक आपापल्या गावी तो खेळ घेऊन गेले.

पण सोय हे अर्धेच कारण. नव्या राष्ट्राला इंग्रजी वंशावळ नसलेला खेळ हवा होता, इतका हवा होता की १९०७ मध्ये एका आयोगाने बेसबॉलचा शोध ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे लावला, असे जाहीर करून टाकले. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत होते आणि या दाव्याला आधार नाही, हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. तरीही कूपर्सटाउनला बेसबॉलचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि ते आजही तीर्थस्थानासारखे गजबजलेले असते. दुसरीकडे क्रिकेटनेही अमेरिकेसाठी दार उघडे ठेवले नाही. फिलाडेल्फियाचे बार्ट किंग १९०८ च्या इंग्रजी हंगामात गोलंदाजीच्या सरासरीत सर्वांच्या वर होते. आणि पुढच्याच वर्षी ‘इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्स’ स्थापन झाली, जिचे सभासदत्व ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांपुरते मर्यादित होते. हा नियम सुटायला १९६५ साल लागले. जगातल्या एका उत्तम गोलंदाजाच्या देशाला बाहेर ठेवणारी ही व्यवस्था क्रिकेटच्या इतिहासातली मोठी चूक होती, असे मी मानतो.

जपानची हकिकत वेगळी, पण गाभा तोच. होरेस विल्सन या अमेरिकन शिक्षकाने १८७२ मध्ये तोक्योमध्ये विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवला. योकोहामात राहणाऱ्या अमेरिकनांचा क्लब होता, त्यांनी जपानी विद्यार्थ्यांशी सामना खेळण्याचे बरीच वर्षे टाळले. अखेर १८९६ मध्ये तोक्योतल्या ‘इचिको’ या उच्च विद्यालयाचा संघ त्यांच्याविरुद्ध उतरला आणि २९–४ असा जिंकला. ज्यांनी खेळ शिकवला त्यांनाच विद्यार्थ्यांनी इतक्या मोठ्या फरकाने हरवल्याच्या बातमीने देशभर जे झाले असेल, त्याची आपण सहज कल्पना करू शकतो. १९१५ मध्ये एका वृत्तपत्राने शालेय संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली आणि १९२४ पासून ती कोशिएन मैदानावर होऊ लागली. तिथे हरलेल्या संघाची मुले गुडघ्यांवर बसून मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. व्यावसायिक लीग १९३६ मध्ये आली, म्हणजे शालेय स्पर्धेनंतर दोन दशकांनी; हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक लक्षात घ्यावे. क्यूबात बेसबॉल अमेरिकेत शिकून परतलेल्या तरुणांनी नेला आणि स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या भावनेशी तो जोडला गेला. स्पेनशी चाललेल्या लढ्यामुळे देश सोडावा लागलेल्या क्यूबनांनी तो डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेला. आणि तैवानला तो जपानी अमलात, जपान्यांकडून मिळाला. खेळ मूळ मालकाच्या हातूनच प्रवास करतो असे नाही.

प्रश्न : जमैकाचे लोक वेगात धावतात, केनियाचे लांब अंतर धावतात. हे त्यांच्या रक्तातच असते असे आमच्या गटात सगळे म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : अव्वल दर्जाच्या एखाद्या खेळाडूच्या बाबतीत शरीराची जन्मजात ठेवण महत्त्वाची असते, यात वाद नाही. पण संपूर्ण देशाला एखादा खेळ का लागतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जमैकातील बहुसंख्य लोकांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. रक्त हेच कारण असते, तर धावण्याचे वेड पश्चिम आफ्रिकेत त्याहून अधिक दिसायला हवे होते. तिथे तर फुटबॉलचे राज्य आहे.

जमैकात जे आहे ते अन्यत्र नाही, आणि ती म्हणजे शाळांची मैदानी स्पर्धा. ‘चँप्स’ या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा १९१० पासून चालू आहे. पुढे देशाचे नेतृत्व करणारे नॉर्मन मॅन्ली १९११ मध्ये याच स्पर्धेत शंभर यार्डांची शर्यत १० सेकंदांत धावले आणि तो विक्रम चाळीसहून अधिक वर्षे टिकला. आज ही स्पर्धा किंग्स्टनच्या राष्ट्रीय मैदानावर होते. स्टँड शाळांच्या रंगांनी भरून जातात. आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि शिक्षक ढोल-शिट्ट्यांच्या गजरात बसलेले असतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची रिले शर्यत त्यांना ऑलिंपिकइतकी मोलाची वाटते. युसेन बोल्ट २००३ मध्ये याच गर्दीसमोर धावला. तिथे वेगाने पळणाऱ्या मुलाकडे दहाव्या-बाराव्या वर्षीच कोणा ना कोणा शिक्षकाची नजर जाते. असाच वेगवान मुलगा दुसऱ्या एखाद्या देशात जन्मला तर तो फुटबॉलच्या मैदानावर जाईल, किंवा त्याच्या वेगाची कोणी दखलच घेणार नाही.

केनियाच्या बाबतीत उंचीचे कारण सांगितले जाते, आणि इतेन हे धावपटूंचे गाव सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे हे खरेच आहे. पण बोलिव्हियाचे ला पाझ त्याहूनही पुष्कळ उंच आहे आणि तिथे फुटबॉल खेळला जातो. फिनलंडची आठवण तर या वादात अवश्य ठेवावी. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे लांब पल्ल्याच्या शर्यतींवर फिनलंडच्या धावपटूंची सत्ता होती, पाव्हो नुर्मी यांनी एकट्याने ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदके मिळवली. त्या काळी फिन लोकांच्या रक्ताविषयी आणि जंगलातल्या कणखर जीवनाविषयी असेच मोठ्या खात्रीने लिहिले जात होते. फिन लोक तेच आहेत; ती सत्ता मात्र राहिली नाही.

माझ्या मते सर्वांत शिकवणारे उदाहरण पेशावरजवळच्या नवाकिले या खेड्याचे आहे. तिथून जवळच ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात स्क्वॉशची कोर्टे होती आणि त्यांना छप्पर नव्हते, त्यामुळे चेंडू भिंतीवरून बाहेर जात. ते परत आणून देणाऱ्या मुलांत हाशिम खान होते. त्यांचे वडील त्याच क्लबात नोकरीला होते. अधिकारी उन्हाच्या वेळी विश्रांतीला गेले की ही मुले रिकाम्या कोर्टावर अनवाणी खेळत. हाशिम खान यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकली, तेव्हा ते खेळाडूच्या ऐन उमेदीच्या वयापलीकडे गेलेले होते, आणि तरी पुढे त्यांनी ती एकूण सात वेळा जिंकली. त्यांचे भाऊ, भाचे आणि नातलग त्यांच्या मागोमाग आले. त्याच खेड्याशी नाते असलेल्या जहांगीर खान यांनी १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षे ही स्पर्धा जिंकली आणि त्यांच्यानंतर जानशेर खान यांनी १९९७ पर्यंत ती मालिका चालू ठेवली. त्यानंतर पुरुषांचे ते विजेतेपद पाकिस्तानी खेळाडूकडे गेलेले नाही. एका पिढीत रक्त बदलत नाही. बदलतात ती कोर्टे, शिकवणारी माणसे, आणि मुलांना समोर दिसणारी वाट.

शरीराचा मुद्दा उलट बाजूनेही तपासता येतो. फिलिपिन्समध्ये सरासरी उंची बास्केटबॉलला मुळीच अनुकूल नाही, तरी अमेरिकी अमलात शाळांमधून आलेला हा खेळ तिथे गल्लोगल्ली खेळला जातो, आणि १९५४ च्या जागतिक स्पर्धेत त्या देशाने कांस्यपदकही मिळवले.

प्रश्न : लिथुआनियासारखा छोटा देश बास्केटबॉलसाठी इतका वेडा का?

उत्तर : सुरुवात योगायोगाची आहे, शेवट राजकारणाचा. अमेरिकेत वाढलेल्या लिथुआनियन वंशाच्या खेळाडूंच्या मदतीने या देशाने १९३७ आणि १९३९ मध्ये युरोपीय विजेतेपद मिळवले, आणि दुसरे विजेतेपद तर कौनास शहरात, खास बांधलेल्या सभागृहात, आपल्या लोकांसमोर मिळवले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. स्वतःचा झेंडा फडकावण्याची सोय उरली नाही, तेव्हा लोक कौनासच्या ‘झाल्गिरिस’ या संघामागे उभे राहिले. या संघाने १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे मॉस्कोच्या लष्करी क्लबला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद जिंकले. १९८८ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या सोव्हिएत संघाचे चार प्रमुख खेळाडू लिथुआनियन होते. १९९२ मध्ये तेच खेळाडू स्वतंत्र देशाच्या नावाने उतरले आणि कांस्यपदकाच्या सामन्यात त्यांनी माजी सोव्हिएत देशांच्या संयुक्त संघाला हरवले.

आयर्लंडमध्ये हेच काम हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या देशी खेळांनी केले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ‘परकीय’ खेळ खेळणाऱ्या सभासदांवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. बंदीचे समर्थन मी करणार नाही. परंतु गावागावांतल्या चर्चच्या हद्दीनुसार बांधलेले संघ आणि आजही मानधन न घेता खेळणारे खेळाडू ही त्या संघटनेची खरी ताकद आहे, आणि ८० हजारांहून अधिक प्रेक्षकांचे क्रोक पार्क त्यांच्या अंतिम सामन्याला भरून जाते.

प्रश्न : एखाद्या देशाचा आवडता खेळ बदलू शकतो का? की एकदा ठरला तो कायमचा?

उत्तर : सहसा बदलत नाही. बहुतेक देशांचे खेळ साधारण १८६० ते १९३० या काळात पक्के झाले, कारण त्याच काळात शाळा, कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, रेल्वे आणि स्वस्त वृत्तपत्रे एकत्र आली. नंतर येणाऱ्या खेळाला मैदाने, मुलांचा वेळ, वृत्तपत्रांतली जागा आणि प्रेक्षकांचा पैसा आधीच वाटला गेलेला आढळतो.

तरीही बदल होतो, आणि तीन प्रकारे झालेला दिसतो. एक, शासन मनावर घेते तेव्हा. चीनने १९५० च्या दशकात टेबल टेनिसला हाताशी धरले. त्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना नव्या चीनला मान्यता द्यायला लवकर तयार झाली होती, जागा थोडी लागत होती आणि टेबल तर काँक्रीटचेही चालत होते. १९५९ मध्ये रोंग ग्वोत्वान डॉर्टमुंडला विजेते झाले, कोणत्याही खेळातले ते चीनचे पहिले जगज्जेते. दोन, एखादी व्यक्ती अचानक वाट दाखवते तेव्हा. दक्षिण कोरियाच्या पाक सेरी यांनी १९९८ मध्ये अमेरिकेची महिला खुली गोल्फ स्पर्धा जिंकली आणि ती पाहून गोल्फ हाती घेतलेल्या मुलींच्या पिढीने पुढे महिला गोल्फवर आपला ठसा उमटवला.

तिसरा प्रकार सक्तीच्या स्थलांतराचा. १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा शिरल्यावर लाखो अफगाण कुटुंबे पाकिस्तानातल्या निर्वासित छावण्यांत गेली आणि तिथल्या मुलांनी आजूबाजूला जो खेळ पाहिला तो उचलला. ती मुले परतताना क्रिकेट घेऊन आली. १९९५ मध्ये अफगाणिस्तानात क्रिकेट संघटना झाली, २०१७ मध्ये कसोटीचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये हा संघ टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत खेळला. बुझकशी हा घोड्यावरचा परंपरागत खेळ तिथे आजही आहे, पण घोडा पाळणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. बॅट आणि टेपचा चेंडू आहे.

उलट दिशेचे उदाहरण भारतातल्या हॉकीचे आहे. १९२८ ते १९५६ अशी सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या देशात १९७६ नंतर, म्हणजे माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम पृष्ठभाग आल्यावर, हा खेळ सामान्य शाळेच्या मैदानापासून दुरावला. केवळ त्या हिरव्या पृष्ठभागाला दोष देणे बरोबर नाही, संघटनेचा ढिसाळपणाही होता. परंतु गवतावर शिकायचे आणि स्पर्धा दुसऱ्याच जमिनीवर द्यायची, हे लहान शाळांना परवडणारे नव्हते.

प्रश्न : या सगळ्या चर्चेत स्त्रिया कुठे आहेत? एखादा खेळ ‘देशाचा लोकप्रिय खेळ’ म्हणताना निम्म्या लोकसंख्येचा विचार होतो का?

उत्तर : फार कमी होतो, आणि हा प्रश्न आपण विचारलात याचे मला समाधान वाटले. लोकप्रियता आपोआप उमलते असे जे मानले जाते, त्याला सर्वांत सडेतोड उत्तर स्त्रियांच्या खेळाचा इतिहास देतो. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा फुटबॉल सामना पाहायला सुमारे ५३ हजार प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळू देण्यास बंदी केली आणि ती पन्नास वर्षे राहिली. प्रेक्षक होते, खेळाडू होत्या, मैदाने काढून घेतली. आणि मग दोन पिढ्या म्हणत राहिल्या की स्त्रियांच्या फुटबॉलमध्ये लोकांना रस नाही.

अमेरिकेत याच्या उलट घडले. १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास मनाई केली. तो कायदा खेळांसाठी लिहिलेला नव्हता, पण त्यामुळे शाळा-महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले, आणि पुरुषांच्या फुटबॉलला ज्या देशात दुय्यम स्थान होते तिथे मुलींचा फुटबॉल वाढला. १९९९ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना कॅलिफोर्नियात ९०,१८५ प्रेक्षकांनी मैदानात बसून पाहिला.

वर ज्या अफगाण क्रिकेटचे मी कौतुक केले, त्याचीही ही बाजू सांगितलीच पाहिजे. २०२० मध्ये तिथल्या क्रिकेट मंडळाने २५ महिला खेळाडूंशी करार केले होते. २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आल्यावर त्यांतील बहुतेक जणींना देश सोडून ऑस्ट्रेलियात आश्रय घ्यावा लागला, आणि संघ म्हणून त्या पुन्हा एकत्र खेळल्या त्या जानेवारी २०२५ मध्ये, मेलबर्नच्या एका प्रदर्शनीय सामन्यात. अफगाणिस्तानात क्रिकेट लोकप्रिय आहे असे आपण आज म्हणतो, तेव्हा ते वाक्य तिथल्या पुरुषांपुरतेच खरे आहे, आणि तसेच ते लिहिलेही गेले पाहिजे.